फ्रेम उघडली पाहिजे

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातलं वालूर आता बारवेमुळे ओळखलं जातं. गोल वळणं घेत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची ही बारव गावकऱ्यांनी गाळ-कचरा काढून मोकळी केली आणि लांबलांबून लोक ती पाहायला येऊ लागले. तिथल्याच एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे या बारवेचे फोटो आहेत: उन्हाळ्यात तळापर्यंत उघड्या पडलेल्या पायऱ्यांचे, आणि पावसाळ्यानंतर पाणी वर चढल्यावरचे. भिंतीवर फ्रेम एकच. ऋतू पालटला की फोटोही पालटावा, अशी त्यांची हौस. पण दर वेळी फ्रेमवाल्याकडे जावं लागतं. ‘सहज फोटो बदलता येईल अशी फ्रेम करणं एवढं अवघड आहे का?’ असं ते विचारतात.

अवघड मुळीच नाही. आणि हा प्रश्न नुसत्या सोयीचाही नाही. ज्या फ्रेममधला फोटो सहज निघतो, त्याच फ्रेममध्ये फोटो जास्त वर्षं टिकतो. हे कसं, ते समजायला फ्रेमच्या मागच्या बाजूने सुरुवात करू.

नेहमीची फ्रेम पालथी करून पाहा. पाठीवर खाकी कागद डकवलेला असतो. तो फाडला की कडेकडेने तिरप्या ठोकलेल्या बारीक चुका दिसतात. पकडीने त्या एकेक उपटल्या की हार्डबोर्ड किंवा पुठ्ठा सुटतो, त्याखाली फोटो, आणि फोटोला थेट टेकलेली काच. परत बंद करताना चूक जुन्या भोकात घट्ट बसत नाही, म्हणून शेजारी नवं भोक पाडावं लागतं. असं दोन-तीनदा झालं की पट्टीचं लाकूड चिरतं. हातोडीचा एक घाव हुकला तर काच जाते ती वेगळीच.

ही रचना वाईट नाही, ती वेगळ्या कामासाठी झाली आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाप्रेस काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून छापून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींच्या तसबिरी मराठी घरांच्या भिंतींवर चढल्या. देवाची तसबीर एकदा लावली की लावली. धूळ, कसर आणि उदबत्तीचा धूर आत जाऊ नये म्हणून ती कायमची बंद करणं शहाणपणाचंच होतं. शिवाय ते चित्र म्हणजे कागदावरची छपाईची शाई. ती काचेला टेकली तरी फारसं बिघडत नाही. घरोघर फोटो लागू लागले तेव्हा फ्रेमवाल्यांनी हीच पद्धत पुढे चालवली. रसायनांत धुऊन काढलेल्या फोटोचा पृष्ठभाग मात्र शाईचा नसतो, जिलेटिनचा असतो. सगळी गोम इथेच आहे.

जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडं आणि कातडी उकळून काढलेलं प्रथिन. ते फोटोत कसं शिरलं, त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी ही मंडळी तिच्यात होती. त्या काळी कलोडियनची पद्धत नवी होती. काचेवर हे चिकट द्रावण ओतायचं, चांदीच्या क्षारात बुडवायचं आणि काच ओली असतानाच फोटो काढून, धुऊन मोकळं व्हायचं. काच वाळली की तिची संवेदनशीलता संपली. इकडच्या उन्हात ती किती झपाट्याने वाळत असेल, याची कल्पना करा. छायाचित्रकाराला अंधारखोली तंबूसारखी बरोबर वागवावी लागे.

या जाचातून जगाला सोडवलं ते रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने. तो सूक्ष्मदर्शकातून फोटो काढत असे आणि कलोडियनमधल्या इथरच्या वाफांनी त्याची प्रकृती ढासळली होती. त्याने कलोडियनच्या जागी जिलेटिन वापरून पाहिलं आणि ८ सप्टेंबर १८७१ रोजी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी’त आपली कृती छापून टाकली. पेटंट घेतलं नाही. कृती अपुरी आहे, पुढचं काम इतरांनी करावं, हेही त्याने मोकळेपणाने मांडलं. इतरांनी ते केलं. चार्ल्स बेनेट याने १८७८ मध्ये जिलेटिनचं मिश्रण ऊबेत मुरवून त्याची संवेदनशीलता कितीतरी वाढवली. कोरडी काच दुकानात विकत मिळू लागली, मागून फिल्म आली, आणि जॉर्ज ईस्टमनच्या कोडॅकचं नाव घरोघर गेलं. मॅडॉक्सची आठवण आज क्वचितच कुणी काढतं. घरातल्या प्रत्येक जुन्या फोटोवर त्याचं ऋण आहे, म्हणून ती इथे मुद्दाम काढतो.

जिलेटिनच का चाललं? कारण ते पाण्यात फुगतं पण थंड पाण्यात विरघळत नाही. फुगलं की रसायन आत शिरून चांदीच्या कणांपर्यंत पोहोचतं आणि चित्र उमटतं. वाळलं की पुन्हा कडक होऊन ते कण जागच्या जागी धरून ठेवतं. त्यात आणखी एक गुण दडलेला होता. जिलेटिनचा एखादा घाणा उत्तम निघे, दुसरा मंद, आणि कारण काही केल्या सापडत नसे. १९२०च्या दशकात कोडॅकच्या प्रयोगशाळेत सॅम्युएल शेपर्डने त्याचा छडा लावला. चांगल्या जिलेटिनमध्ये गंधकाच्या संयुगांचा अत्यल्प अंश होता, मोहरीच्या तिखटपणाला कारण असलेल्या संयुगांच्या जातीचा. जनावरांनी मोहरीच्या कुळातल्या वनस्पती खाल्ल्या की तो त्यांच्या कातडीत उतरे. गायींना मोहरी आवडली नसती तर सिनेमा झालाच नसता, अशा अर्थाचं शेपर्डचे वरिष्ठ केनेथ मीस सांगत. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तेव्हा हा गंधक त्यांच्या फिल्मवर काम करतच होता. त्याचा पत्ता तेवढा कुणाला नव्हता.

आता फ्रेमकडे येऊ. ज्या गुणामुळे फोटो तयार होतो, तोच गुण बंद फ्रेममध्ये त्याच्या मुळावर येतो. परभणी जिल्ह्यात मे महिन्याच्या दुपारी हवेतली सापेक्ष आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांच्या घरात असते, ऑगस्टमधल्या सकाळी ती ऐंशीच्या पुढे जाते. आर्द्रता सत्तरच्या वर बरेच दिवस राहिली की जिलेटिन मऊ पडतं. मागून पुठ्ठ्याचा दाब, पुढून गुळगुळीत काच. मऊ झालेला पृष्ठभाग काचेला चिकटतो. ओलीच्या भिंतीवरच्या फ्रेममध्ये तर हे हमखास होतं. जुन्या लग्नाच्या फोटोत काचेआड कुठे कुठे ओलसर, चकचकीत डाग दिसतात, ते पाण्याचे नसतात. तिथे फोटो आणि काच एकजीव झालेले असतात. उन्हाळ्यात तो भाग वाळून कडक होतो आणि त्यानंतर फोटो ओढला की चेहऱ्याचा पापुद्रा काचेवर राहतो. असा फोटो घरी कधीही ओढू नये. काचेसकट स्कॅनरवर ठेवून आधी त्याची प्रत करून घ्यावी. मूळ फोटो सोडवणं जाणकाराचं काम आहे.

हे चिकटणं वर्षानुवर्षं कळत नाही, कारण फ्रेम उघडलीच जात नाही. दर ऋतूला उघडणारी फ्रेम असती तर पहिला डाग पडायच्या आतच फोटो सावरता आला असता. मागचा स्वस्त पुठ्ठा पिवळा पडून आम्ल सोडू लागला आहे, कसर लागली आहे, हेही वेळेवर दिसलं असतं.

दुसरा शत्रू उजेड. रंगीत फोटोतले रंग प्रकाशाने विटतात आणि विटलेला रंग अंधारात ठेवून परत येत नाही. संग्रहालयात हा हिशेब लक्स गुणिले तास असा मांडतात. नाजूक कागदी वस्तूंवर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत, आणि फोटो काही महिने दालनात लावून पुन्हा अंधाऱ्या कपाटात विसाव्याला ठेवतात. साधी काच अतिनील किरणांचा काही भाग अडवते, पण बराचसा आत सोडते; आणि साध्या दृश्य प्रकाशानेही रंग जातातच. त्यामुळे महागड्या काचेच्या जाहिरातीतला ९९ टक्क्यांचा आकडा खरा असला तरी तो फक्त अतिनीलपुरता असतो. वालूरच्या वाचकांनी चार फोटो आळीपाळीने तीन-तीन महिने लावले, तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाचा सुमारे एक चतुर्थांश उजेड येईल. फोटो बदलण्याची त्यांची हौस म्हणजे संग्रहालयाची शिस्तच आहे.

बाजारात ‘झटपट बदला’ म्हणून मिळणाऱ्या फ्रेमा या कसोटीवर कशा उतरतात? वरून फोटो सरकवायच्या फटीच्या फ्रेममध्ये जिलेटिनचा पृष्ठभाग अॅक्रिलिकवर घासत आत जातो. ओरखडे येतात आणि पावसाळ्यात तो चिकटतो. दोन अॅक्रिलिक तुकड्यांच्या कोपऱ्यांत लोहचुंबक बसवलेली फ्रेम दिसायला देखणी. ही चिमुकली पण जबर चुंबकं निओडायमियमची. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी ती स्वतंत्रपणे शोधली. त्या शोधाबद्दल मला अपार आदर आहे. पण इथे ती चुंबकं फोटोला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात, म्हणजे दुखणं तेच. डिजिटल फ्रेममध्ये बोट लावलं की चित्र बदलतं, हे खरं. पण ५ वॅटची फ्रेम वर्षभर चालू ठेवली तर ४४ युनिट वीज जाते, वीज गेली की भिंत कोरी, आणि फोटो कंपनीच्या सर्व्हरवर असतील तर त्यांचं आयुष्य कंपनीच्या मर्जीवर. कागदावरच्या फोटोला यातलं काहीच लागत नाही.

तर मग फ्रेम कशी हवी? सेलू किंवा परभणीचा कुठलाही फ्रेमवाला करून देईल अशी रचना सांगतो.

आधी काच आणि फोटो यांच्यात मोकळी जागा हवी. जाड पुठ्ठ्याची खिडकी कापलेला माउंट मधे घातला की दोन मिलिमीटरची फट मिळते. माउंट नको असेल तर खाचेत काचेच्या कडेने बारीक पट्ट्या बसवाव्यात. उन्हाळ्यात कोरड्या हवेत जिलेटिन आकसतं आणि फोटो आपल्या दर्शनी बाजूकडे वाकतो. म्हणून फट अगदीच कमी ठेवू नये.

फोटो चिकटवायचा नाही. मागच्या पुठ्ठ्यावर कागदाचे चार कोपरे डकवायचे आणि फोटोची टोकं त्यात खुपसायची. त्यामुळे फोटो आपल्या जागी राहतो, थोडा आकसला-फुगला तरी ताणला जात नाही, आणि काढायला काही सेकंद लागतात. हा पुठ्ठा आम्लरहित मिळाला तर उत्तम. आर्टच्या साहित्याच्या दुकानात तो मागता येतो.

पाठ चुकांनी ठोकायची नाही. पट्टीवर चार बाजूंना धातूच्या चार छोट्या फिरत्या पट्ट्या स्क्रूने बसवायच्या. आडव्या फिरवल्या की पाठ दबते, उभ्या केल्या की सुटते. लाकडाला भोक एकदाच पडतं, पुढे शंभर वेळा उघडलं तरी ते सैल होत नाही. खाच पुरेशी खोल हवी: काच दोन मिलिमीटर, माउंट दोन, फोटोचा पुठ्ठा दोन, पाठीचा हार्डबोर्ड तीन, म्हणजे नऊ झाले, म्हणून दहा मिलिमीटर. नेहमीच्या पट्टीची खाच अनेकदा याहून उथळ असते, तेव्हा पट्टी निवडतानाच मोजून घ्यावी.

काच की अॅक्रिलिक? बारा बाय अठरा इंचांची दोन मिलिमीटर काच जवळपास ७०० ग्रॅम भरते, तेवढंच अॅक्रिलिक साडेतीनशेच्या आत. ते हलकं आहे, पडलं तरी सहसा फुटत नाही. पण त्यावर चरे पडतात आणि स्थितिक विद्युतभारामुळे धूळ बसते. शिवाय तापमानात तीस अंशांचा फरक पडला की ३० सेंटिमीटर अॅक्रिलिक सुमारे ०.६ मिलिमीटर वाढतं, काच जेमतेम ०.०८. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात खाचेत घट्ट बसवलेलं अॅक्रिलिक फुगीर होऊन फोटोला टेकेल. म्हणून ते वापरायचं असेल तर चारी कडांना एकेक मिलिमीटर जागा सोडावी. वारंवार पुसायच्या फ्रेमला काचच बरी.

फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराच्या गोळ्या लावाव्यात, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. जो फोटो लावला नसेल तो लिफाफ्यात घालून कपाटात ठेवावा. दोन फोटो समोरासमोर तोंड करून ठेवू नयेत, मधे साधा कागद असावा. फोटो बदलण्याचं काम कोरड्या दिवशी करावं. पावसाळ्यात बंद केलेली फ्रेम आतला दमटपणाही बंद करून घेते.

यातल्या कशालाही नवं तंत्रज्ञान लागत नाही, खर्चही किरकोळ आहे. चुकांची फ्रेम टिकून राहिली, कारण गिऱ्हाईक पुढची नक्षी पाहून फ्रेम निवडतं आणि फ्रेमवाला गिऱ्हाईक मागेल तेच देतो. पुढच्या वेळी दुकानात गेलात की आवडलेली फ्रेम आधी पालथी करा, आणि ती हातोडी-पकडीशिवाय उघडते का, ते स्वतः उघडून बघा. उघडत नसेल तर तुमच्या फोटोसाठी ती घेऊ नका.