पारलिंगी विद्यार्थी आणि सर्वसमावेशक अध्यापन

प्रस्तावना

2011 च्या जनगणनेत स्त्री व पुरुष यांखेरीज ‘इतर’ हा पर्याय देण्यात आला. त्यात 4,87,803 व्यक्तींची नोंद झाली. त्यांच्यातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे 56 टक्के होते. देशाचे सर्वसाधारण प्रमाण मात्र सुमारे 73 टक्के होते. आपली ओळख उघड न करणाऱ्या व्यक्ती या संख्येत आलेल्या नाहीत. शाळेतील चेष्टा, मारहाण आणि घरातून मिळणारा नकार यांमुळे यांपैकी अनेकांचे शिक्षण मध्येच तुटते. कम्युनिटी कॉलेज ही तुटलेले शिक्षण पुन्हा जोडण्याची जागा आहे. तेथेही अपमान वाट्याला आला, तर त्या विद्यार्थ्याला तिसरी संधी सहसा मिळत नाही. म्हणून या प्रश्नाचा विचार शिक्षकांनी करणे अगत्याचे आहे.

संकल्पना

जन्माच्या वेळी नोंदवलेले लिंग आणि व्यक्तीची स्वतःविषयीची जाणीव यांत अंतर असते, तेव्हा त्या व्यक्तीस पारलिंगी म्हणतात. ‘तृतीयपंथी’ हा शब्द मराठीत रूढ आहे. तथापि हिजडा समुदाय किंवा बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या यल्लम्माशी निगडित जोगप्पा या विशिष्ट परंपरा आहेत. प्रत्येक पारलिंगी विद्यार्थी अशा परंपरेतला असतोच असे नाही. आंतरलिंगी हा शब्द जन्मजात शारीरिक वेगळेपणासाठी वापरतात, तर कोणाविषयी आकर्षण वाटते हा प्रश्न या दोहोंहून स्वतंत्र आहे. या तीन गोष्टींची गल्लत झाली की शिक्षकाचा सद्‌हेतूही चुकीच्या दिशेने जातो.

कायद्याची बाजू

ब्रिटिश सरकारच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात या समुदायाची नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. हैदराबाद संस्थानातही 1329 फसलीमध्ये असाच कायदा झाला. तेलंगणा उच्च न्यायालयाने तो 2023 मध्ये घटनाबाह्य ठरवला. म्हणजे समाजातील संशयाला कायद्याचे पाठबळ दीर्घकाळ होते.

15 एप्रिल 2014 रोजी ‘नालसा’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तृतीय लिंगास मान्यता दिली आणि शैक्षणिक प्रवेशांत मागासवर्गीय म्हणून सवलती देण्याचे निर्देश दिले. 2019 च्या पारलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याच्या कलम 13 ने शासन-अनुदानित व मान्यताप्राप्त संस्थांवर भेदभावरहित शिक्षण, खेळ व करमणुकीची संधी देण्याची जबाबदारी टाकली. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2016 मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत पारलिंगी ओळखीवरून होणारा छळ व बहिष्कार यांचा समावेश केला. केंद्राच्या 2022 च्या ‘स्माइल’ योजनेत नववीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंत शिष्यवृत्तीची तरतूद करण्यात आली. ओळखपत्राविषयीच्या तरतुदी बदलू शकतात. म्हणून महाविद्यालयाच्या कार्यालयाने प्रचलित मजकूर पाहूनच मार्गदर्शन करावे.

वर्गातील व्यवहार

1. हजेरी : कागदावरील नाव व वापरातले नाव भिन्न असू शकते. पहिल्याच आठवड्यात सर्वच विद्यार्थ्यांकडून ‘वर्गात कोणत्या नावाने हाक मारावी’ हे चिठ्ठीवर लिहून घ्यावे. एकालाच विचारल्यास तो उघडा पडतो. हजेरी आडनावाने किंवा क्रमांकाने घेणे हाही सोपा मार्ग आहे.

2. संबोधन : मराठी क्रियापद लिंग उघड करते. ‘तू कुठे राहतोस?’ आणि ‘तू कुठे राहतेस?’ यांपैकी एक निवडावेच लागते. ‘तुम्ही कुठे राहता?’ या वाक्यात मात्र तो प्रश्न उद्‌भवत नाही. म्हणून संपूर्ण वर्गाला ‘तुम्ही’ म्हणण्याची सवय उपयुक्त ठरते. त्यात आदरही राखला जातो. इंदूर, हैदराबाद येथील हिंदी-उर्दू मिश्रित वर्गांत ही सोय अपुरी पडते, कारण ‘आप’ नंतरही ‘रहते’ की ‘रहती’ हे ठरवावे लागते. तेथे, तसेच ‘तो’ किंवा ‘ती’ असा उल्लेख करताना, विद्यार्थ्याची इच्छा एकांतात विचारावी. चूक झाल्यास लगेच दुरुस्त करून पुढे जावे; लांबलचक माफीने सर्वांचे लक्ष त्याच्याकडेच वेधले जाते.

3. गटकार्य : ‘मुले एकीकडे, मुली दुसरीकडे’ अशी विभागणी विषयाला आवश्यक नसेल तेथे टाळावी. हजेरी क्रमांकानुसार गट पाडावेत.

4. अध्यापन साहित्य : शिवणकाम स्त्रीचे व विद्युतकाम पुरुषाचे, असे गृहीत धरणारी उदाहरणे बदलावीत. 2015 मध्ये पश्चिम बंगालमधील कृष्णनगर महिला महाविद्यालयाच्या प्राचार्य झालेल्या मानबी बंद्योपाध्याय यांचे उदाहरण देता येईल. मात्र वर्गातील पारलिंगी विद्यार्थ्याला ‘तुमच्या लोकांविषयी सांगा’ असे कधीही म्हणू नये. तो शिकण्यासाठी आलेला असतो, नमुना म्हणून नव्हे.

5. गोपनीयता : विद्यार्थ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट सहकाऱ्यांना वा पालकांना त्याच्या संमतीशिवाय कळवू नये. घरी समजल्यास फी बंद होणे किंवा घर सुटणे असे परिणाम संभवतात. म्हणून घरच्या पत्रव्यवहारात कोणते नाव वापरावे हेही आधी विचारावे.

6. सुविधा व प्रशिक्षण : स्वच्छतागृह वापरता येत नाही म्हणून विद्यार्थी दिवसभर पाणी पिणे टाळतो किंवा गैरहजर राहतो. अपंगांसाठीचे किंवा कर्मचाऱ्यांचे स्वतंत्र, कडी असलेले स्वच्छतागृह खुले करण्यास मोठा खर्च लागत नाही. कार्यानुभवासाठी कारखान्यात वा दुकानात पाठवताना गणवेश, नाव व सुरक्षितता यांविषयी विद्यार्थ्याच्या संमतीने मालकाशी आधीच बोलावे.

समारोप

काही शिक्षकांना हा विषय संकोचाचा वाटतो, तर काहींना तो आपल्या मूल्यांशी विसंगत वाटतो. परंतु वर्गात अपमान न होणे ही कोणत्याही मतभेदापूर्वीची अट आहे. वरील उपायांपैकी बहुतेक सर्वच विद्यार्थ्यांना लागू होतात. कोणालाही वेगळे काढून दिलेली ती सवलत नव्हे. टवाळीच्या पहिल्या शब्दाला शिक्षक काय उत्तर देतो, याकडे संपूर्ण वर्गाचे लक्ष असते. शिक्षकाच्या मौनाचा अर्थ वर्ग संमती असाच लावतो. म्हणून त्या क्षणी शांतपणे, पण स्पष्टपणे टवाळी थांबवणे हे अध्यापनाचेच काम आहे.