विश्रांतीने वाढणारे दुखणे
सामान्य कंबरदुखीस विश्रांतीने उतार पडतो. ‘अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस’ या विकाराची रीत मात्र उलटी. मणक्यांच्या सांध्यांना दाह होऊन वेदना निजल्याने वाढते, हालचालीने ओसरते. बहुधा वयाच्या ४५ वर्षांच्या आत सुरू होणारे हे दुखणे मधूनमधून उसळते. अशा दिवसांत घरची माणसे मायेने ‘पडून राहा’ म्हणतात. परंतु ऊन पाण्याचा शेक, डॉक्टरांनी दिलेले दाहशामक औषध आणि सोसवेल तेवढे चालणे हाच खरा आधार. दुर्लक्ष झाल्यास मणके परस्परांस जुळून पाठीस कायमचा बाक येऊ शकतो. ३ महिन्यांहून अधिक टिकलेली अशी कंबरदुखी संधिवाततज्ज्ञास अवश्य दाखवावी. आणि कचेरीत उशिरा पोहोचणाऱ्या सहकाऱ्यास आळशी ठरविण्यापूर्वी थोडे थांबावे. अंथरुणातून उठण्यातच त्याचा तास गेलेला असू शकतो.