यमद्वितीया आणि नागपूरच्या ताई

कार्तिक शुद्ध द्वितीयेस यमधर्म आपली भगिनी यमुना हिच्या घरी भोजनास गेला, ही कथा भाविक वाचकांस सांगावयास नको. धर्मनिबंधांत या तिथीचे विधान पाहू जाता असे आढळते, की त्या दिवशी पुरुषाने स्वगृही न जेवता बहिणीच्या हातचे प्रेमाने जेवावे आणि सर्व भगिनींचा वस्त्रालंकारांनी सत्कार करावा. सख्खी नसेल तर मानलेलीचा. यातील 'सर्व' हा शब्द आम्हांस मोठा मोलाचा वाटतो. त्यात सौभाग्यवती आणि विधवा असा भेद नाही. तो भेद आपल्या माजघराने केला.

म्हणूनच भाऊबीज आली की आम्हां रामटेककरांस नागपूरच्या कमलाताई होस्पेट आठवतात.

ताईंचा जन्म १८९६ चा. बालपणी विवाह झाला आणि उमलत्या वयातच वैधव्य आले. त्या काळच्या विधवेची कहाणी वडीलधाऱ्यांनी पाहिलेली आहे. वाती वळाव्यात, सोवळ्याचा स्वयंपाक रांधावा, भावजयींची बाळंतपणे निस्तरावीत. गंमत पाहा, दहा-बारा दिवस बाळाला न्हाऊमाखू घालावे तिनेच, आणि बारशाला पाळण्याची दोरी सुवासिनींच्या हाती जाताच तिने मुकाट दाराआड व्हावे!

ताई दाराआड झाल्या नाहीत. नागपूरच्या डफरिन रुग्णालयात त्यांनी परिचर्येचे शिक्षण घेतले आणि १९२१ साली वेणूताई नेने यांच्यासह मातृसेवा संघ उभारला. त्या काळी सुईणपण हलके समजले जाई. बाळंतिणीची खोली म्हणजे अंधार, धूर आणि विटाळ. अस्वच्छ हत्याराने नाळ कापली जाई आणि अर्भक धनुर्वाताने जाई, आई सूतिकाज्वराने. घरची माणसे त्याला दैव म्हणत. त्यावर उपाय होता तो उकळलेल्या पाण्याचा, धुतलेल्या हातांचा आणि शिकलेल्या स्त्रीचा. तो या दोघींनी दारोदारच्या माताभगिनींसाठी खुला केला. पुढे संघाची कामे वाढली. समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्थाही निघाली. १९६१ साली ताईंना पद्मश्री मिळाली. १९८१ मध्ये त्या निवर्तल्या. संघाने आता शंभरी ओलांडली आहे.

अण्णासाहेब कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेसाठी महाराष्ट्रात भाऊबीज गोळा होई, तेही पुण्यकार्यच. परंतु अशी ओवाळणी हौसेने देणारी कित्येक घरे स्वतःच्या विधवा बहिणीच्या हाती निरांजनाचे तबक मात्र देत नसत. अजूनही देत नाहीत. कीर्तन आटोपल्यावर यजमान हळूच बाजूला घेऊन विचारतात, "बुवा, थोरल्या ताईने ओवाळले तर चालेल ना? म्हणजे, तिचे यजमान गेल्यापासून..." हा प्रश्न विचारणाऱ्याची ताई बहुधा आतल्या खोलीत तेच ऐकत असते.

आम्ही त्यांना विचारतो, आपण जन्मलात तेव्हा आपल्याला प्रथम कोणी उचलले? वैधव्य आलेल्या हातांनी ज्या नागपुरात बालकांना जगात आणले, तेथे अपशकुनाची भाषा आमच्या जिभेवर तरी येत नाही. यजमान जरा वेळ घुटमळतात. मग पाट मांडला जातो. हाक मात्र त्यांनी स्वतः मारावी, आम्ही मारू नये, एवढे आम्ही पाळतो. धाकट्या भावाच्या तोंडून "ताई, बाहेर ये" हे शब्द तिने कित्येक दिवाळ्यांत ऐकलेले नसतात.