मागच्या आसाचे गणित

वाङ्मयीन लेखांच्या रांगेत मोटारीचा आस कशाला, असे संपादकांनी मला विचारलेच. उत्तर सोपे आहे. आमच्या नायगावात मोटार हा विषय एकट्या शास्त्र शाखेच्या मालकीचा नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट, म्हणजे १९७४ पासूनची ‘प्रीमियर पद्मिनी’, आमच्या गल्लीत माणसांइतकीच ओळखीची. टॅक्सी म्हणून तिने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईचा निरोप घेतला. पण हौशी लोकांनी जपलेल्या खासगी पद्मिनी अजूनही दिसतात.

त्यांतलीच एक माझ्या चुलतभावाकडे आहे. दादाला ती बंदिस्त मैदानावरच्या, मातीतल्या शर्यतींसाठी तयार करायची आहे. तिचे मूळ इंजिन १०८९ घन सेंटीमीटरचे. त्याऐवजी ‘११८ एनई’ या १९८५ मध्ये आलेल्या गाडीचे निस्सान बनावटीचे ११७१ घन सेंटीमीटरचे इंजिन बसवावे आणि तेही चांगले खुलवावे, असा त्याचा बेत. चार वर्षांच्या पगारातून बाजूला टाकलेली रक्कम एकच. इंजिन किंवा आस, एका वेळी एकच काय ते येईल. घरात या प्रश्नावर दोन तट पडले. आमच्या मागच्या गल्लीतले मिस्त्री म्हणाले, “आधी मागचं बघा.” त्यांचे म्हणणे मला पटले. ते का पटले, हे सांगण्यासाठीच हा लेख.

इंजिनाचा पीळ चाकापर्यंत जसाच्या तसा पोहोचत नाही; वाटेत तो वाढतो. समजा, इंजिनाचा पीळ ७ किलोग्रॅम-मीटर आहे. पहिल्या गिअरमध्ये तो पावणेचारपट होतो. पुढे क्राऊन-पिनियनमध्ये, म्हणजे मागच्या मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकांत, आणखी चौपट. एकूण पंधरापट. घर्षण सोडले तर १०५ किलोग्रॅम-मीटर! डिफरन्शियल तो दोन हाफ-शाफ्टांत निम्मा-निम्मा वाटतो. आता इंजिन १० किलोग्रॅम-मीटरचे केले, तर पुढे वाढलेले तीन मागे पंचेचाळीस होऊन येतात. बॉनेट उघडून कौतुक करणाऱ्यांना हे पंचेचाळीस दिसत नाहीत.

त्यातही एक गंमत आहे. जुने, अरुंद टायर असले तर क्लच झटक्यात सोडल्यावर चाक जागच्या जागी फिरते आणि शाफ्ट वाचतो. रुंद, चांगली पकड असलेले टायर घातले की चाक घसरत नाही. मग सगळा झटका शाफ्टलाच सोसावा लागतो. म्हणजे टायर सुधारले की आस दुबळा ठरतो. बहुतेक प्रवासी मोटारींत याच शाफ्टवर चाकाकडचा भारही असतो, त्यामुळे तो बेअरिंगच्या बाहेर तुटला तर चाकच निघून जाऊ शकते. दादाची आई या वाक्यापाशी थांबली आणि घरातला वाद तिथेच मिटला.

जाड शाफ्टचा फायदा मात्र मोठा असतो. भरीव दांड्याची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. त्याच पोलादाचा २२ ऐवजी २५ मिलिमीटरचा शाफ्ट घेतला, तर ताकद जवळजवळ दीडपट! तीन मिलिमीटर म्हणजे किती, तर तीन काड्यापेटीच्या काड्या शेजारी ठेवाव्यात, त्याहूनही कमी.

मग आस आणायचा कुठून? अँबॅसॅडर ही जड गाडी, तिचा आस भक्कम, आणि मागे पद्मिनीसारखेच पाटे. पण अँबॅसॅडर पद्मिनीपेक्षा जवळजवळ वीतभर रुंद. आस दोन्ही बाजूंनी कापून आखूड करायचा, शाफ्ट तोडून त्यावर नव्याने खाचा पाडायच्या, आणि उष्णतेने कठीण केलेला पृष्ठभाग त्यात बिघडू द्यायचा नाही. भंगारात स्वस्त मिळालेली वस्तू लेथवर महाग पडते ती अशी. ११८ एनईचा आस त्या मानाने जवळचा. त्याला मात्र पाट्यांऐवजी गुंडाळी स्प्रिंगा असतात. त्याचे मूळ कान कापून पाट्यांच्या बैठकी वेल्ड कराव्या लागतात. दादाने हाच निवडला.

वेल्डिंग हे यातले सर्वांत नाजूक काम. एका बाजूने सलग टाका मारला तर नळी वाकते आणि मग शाफ्ट, बेअरिंग, तेलाचे सील सगळेच रोज थोडे थोडे खाल्ले जातात. म्हणून थोडे इकडे, थोडे तिकडे, मधे थंड होऊ देत. बैठकीचा कोनही असा हवा की पिनियनची रेषा गिअरबॉक्सच्या रेषेला समांतर राहील. नाहीतर प्रॉपेलर शाफ्ट थरथरतो. त्याची लांबी बदलायची, तोल करून घ्यायचा, ब्रेकची नळी आणि हँडब्रेकची तार जुळवायची. मागचे ब्रेक पुढच्यांच्या मानाने जास्त जोराने लागले तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते, तेही तपासायचे. डिफरन्शियलच्या आतली चाके वेल्डने जाम करण्याचा फुकटचा उपाय काही जण सांगतात. त्याने वळणावर दोन्ही शाफ्ट एकमेकांशी भांडत राहतात, आणि वाचवायचे तर शाफ्टच होते.

कायद्याचे कलमही आहेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाबाहेरचे फेरफार रस्त्यावरच्या गाडीत चालत नाहीत. तेव्हा ही पद्मिनी मैदानापर्यंत ट्रकवर चढून जाणार. ट्रकचे भाडे हिशेबात धरल्यावर इंजिन आणखी वर्षभर पुढे गेले आहे. आस मात्र आला. सध्या गोणपाटात गुंडाळून जिन्याखाली ठेवला आहे, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला एकदा तरी ठेचकाळतो.