मदतीच्या हाताला कायद्याचे अभय

‘धर्म करता कर्म उभे राहते’ अशी एक म्हण आपल्या भाषेत रूढ आहे. सत्कृत्य करू जाणाऱ्याच्या मनातील धास्ती तीत नेमकी व्यक्त झाली आहे. ही धास्ती क्वचित दुसऱ्याच्या प्राणावर बेतते. अशा वेळी ती दूर करणे हे कायद्याचे कर्तव्य ठरते.

शेंगदाण्यासारखा एखादा पदार्थ किंवा मधमाशीचा दंश यांमुळे काही व्यक्तींच्या शरीरात एकाएकी तीव्र ॲलर्जी उसळते. घसा सुजतो, श्वास कोंडतो, रक्तदाब घसरतो. या अवस्थेला ‘ॲनाफिलॅक्सिस’ हे नाव पोर्तिए व रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये दिले. मांडीच्या बाहेरील बाजूस ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन देणे हा तिच्यावरील पहिला उपाय होय. पेनासारख्या स्वयंचलित साधनामुळे थोडे प्रशिक्षण घेतलेला सामान्य माणूसही ते देऊ शकतो. प्रश्न उरतो तो धैर्याचा : काही विपरीत घडले तर आपल्यावर दावा होईल काय?

अमेरिकेत २०१३ साली झालेल्या केंद्रीय कायद्याने या प्रश्नाची दखल घेतली. जी राज्ये शाळांतून हे औषध ठेवण्याची व्यवस्था करतील आणि ते देणाऱ्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यांना दाव्यांपासून संरक्षण देतील, त्यांना दम्याविषयीच्या अनुदानात प्राधान्य देण्याची तरतूद त्यात आहे. मात्र तो कायदा शाळांपुरताच आहे. घर सोडून वसतिगृहात राहणारा, परक्या हातचे जेवणारा महाविद्यालयीन विद्यार्थी त्याच्या कक्षेबाहेर राहिला. ही उणीव अनेक राज्यांनी स्वतंत्र कायदे करून भरून काढली. घोर निष्काळजीपणाला मात्र असे संरक्षण सहसा लाभत नाही, आणि ते योग्यच आहे.

आपल्याकडे संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या व्यक्तीच्या हितासाठी सद्भावनेने केलेली कृती, काही मर्यादांत, गुन्हा ठरत नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम ९२ मधील हे तत्त्व १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये आले आहे. परंतु ते फौजदारी जबाबदारीपुरते आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४-अ दिवाणी व फौजदारी असे दोन्ही प्रकारचे संरक्षण देते. पण ते वाहन-अपघातातील जखमींना मदत करणाऱ्यांसाठी आहे.

रस्त्यावर धावून जाणाऱ्यास जे अभय मिळाले, तेच महाविद्यालयाच्या भोजनगृहात धावून जाणाऱ्या शिक्षकास, सेवकास वा सहाध्यायास मिळावयास हवे. गुदमरणाऱ्या मुलाजवळ विचार करीत बसण्याइतका वेळ नसतो.