पोडाला पान नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या या तालुक्याचं नाव केळापूर, पण तहसील कचेरी पांढरकवड्याला. इथल्या माणसाला यात काही वावगं वाटत नाही. जगदंबेच्या दर्शनाला केळापूरला जायचं, कचेरीच्या कामाला पांढरकवड्याला. विकिपीडियावर मात्र हा तिढा हातानं सोडवावा लागतो. केळापूर गाव, केळापूर तालुका, पांढरकवडा शहर यांची पानं वेगळी, आणि केळापूर मतदारसंघ तर २००८च्या पुनर्रचनेनंतर आर्णी झाला. कुठल्या पानाचा दुवा कुठे जातो, हे तपासण्यातच माझ्या अनेक संध्याकाळी जातात. काम बारीक आहे, पण एक दुवा चुकला की शाळकरी पोर भलत्याच गावी पोहोचतं.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी श्रीधर व्यंकटेश केतकरांनी लिमिटेड कंपनी काढली होती, भांडवल जमवलं होतं. इथे भांडवल नाही, मानधन नाही. लिहिणारे आपापल्या घरी बसून लिहितात आणि वाद झाला की चावडीवर जमतात. चावडी हे तिथल्या चर्चेच्या पानाचंच नाव.

तालुक्यातल्या एखाद्या गावाचं पान उघडून पाहा. भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, असे ठरलेले मथळे. बऱ्याच पानांवर हवामानाचा मजकूर तोच, शब्दही तेच. वरचं नाव झाकलं तर गाव ओळखता येणार नाही. अशा पानात जीव ओतायचा म्हणजे आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, चार वाक्यं लिहायची. प्रत्येक वाक्याला ग्रंथ, वर्ष, पृष्ठ यांचा संदर्भ जोडायचा. झलक पाहायची, काय बदललं ते एका ओळीत नोंदवायचं आणि मगच जतन करायचं. चार वाक्यांना कधी कधी आठवडा लागतो.

कारण नियम कडक आहे: मूळ संशोधन नको. प्राध्यापकाला हे जड जातं. आमचा सगळा पेशा नवीन काही सांगण्यावर उभा. इथे आधी छापलेलंच सांगायचं. तरी मला हा नियम मान्य आहे. तो नसता तर टिपेश्वर अभयारण्यातले वाघ दर आठवड्याला वाढले असते. आजही कुणीतरी आकडा वाढवून जातो, आणि पानाचा इतिहास उघडून तो परत फिरवावा लागतो.

पण याच नियमाची दुसरी बाजू मला झोपू देत नाही. कोलाम हे महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक, दुसऱ्या दोन म्हणजे कातकरी आणि माडिया गोंड. त्यांच्या वस्तीला इकडे पोड म्हणतात. पुष्कळ पोडं स्वतंत्र महसुली गावं नाहीत, त्यांची माणसं जवळच्या गावाच्या खात्यात मोजली जातात. गावांची पानं मात्र जनगणनेच्या यादीवरून झालेली. म्हणजे पोडाला पान नाही. पोडावर जाऊन मी नाईकाशी, म्हणजे तिथल्या प्रमुखाशी, तासभर बोललो, तरी ते टिपण संदर्भ म्हणून चालत नाही. १९०८चं यवतमाळचं इंग्रजी गॅझेटिअर चालतं, पण ते साहेबाच्या नजरेनं लिहिलेलं. हद्दी, पिकं, रस्ते यांसाठी ते मी घेतो. माणसांच्या स्वभावावरचे त्यातले शेरे मी पानावर येऊ देत नाही, आणि त्यावरून वाद घालायलाही तयार असतो.

मार्ग एकच दिसतो: आधी छापील साहित्य वाढवायचं. पोडांवरचे प्रबंध विद्यापीठांच्या कपाटांत पडून असतात. त्यांतलं काही नियतकालिकांत यावं म्हणून मी सहकाऱ्यांच्या मागे लागतो. एकदा छापून आलं की दुसऱ्या कुणालाही त्याचा आधार घेता येतो.

सध्या कोलामी भाषेचं पान हाती आहे. भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांचा कोलामीवरचा १९५५चा ग्रंथ समोर आहे, पण तो वर्ध्याकडच्या बोलीवरचा. इकडच्या बोलीबद्दल लिहायचं तर वेगळा आधार हवा. तो मिळेपर्यंत त्या पानावर मी वर्ध्याचं नाव ठळक ठेवलं आहे, म्हणजे कुणी ती बोली सरसकट सगळ्या कोलामांची समजणार नाही.