मासळीच्या शेततळ्याचे पाणी पिकाला
शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ वाढू लागले की पाणी हिरवट होते आणि तेच पिकाला खताचे काम देते. मासे खाद्यातील बराच नत्र कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात पाण्यात सोडतात. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. मुळे ते सहज शोषतात. स्फुरद मात्र बराचसा तळच्या गाळात बसतो, म्हणून तो गाळही शेतात पसरावा. २०१६च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर अहिल्यानगरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात एकाच पाण्यावर मासळी आणि डाळिंब निघणे ही फार मोलाची सोय आहे. मात्र या हिरवट पाण्यातील शेवाळाने ठिबकच्या नळ्या तुंबतात. त्यामुळे वाळूचा फिल्टर हवाच. पालाश या पाण्यात कमी असतो, तो वेगळा द्यावा लागतो.